टिकलीचा दाणा आणि सात टाचण्या

या, जवळ बसा. मांडी घाला. कुणाचा पाय हलतोय? थांबवा बघू तो पाय. आज हलत्या पायाचीच गोष्ट आहे.

एक घर होतं कौलाचं. कौलांत एक काच होती. काचेतून ऊन खाली उतरायचं. जमिनीवर उन्हाचा एक गोल पडायचा. भाकरीएवढा. त्याचं नाव कवडसा.

घरात एक मशीन होतं. शिवायचं मशीन. काळं काळं, जड जड. वर सुई. बाजूला चाक. खाली पायडल. ते चालू झालं की सगळं घर एकच बोलायचं.

खटर खटर खटर! खटर खटर खटर!

मशीनवर कोण बसायचं? हौसाक्का. हौसाक्काचा हात भारी. कुणाचं पोलकं, कुणाचं झबलं, सगळं तिच्याच हातचं. पण हौसाक्काला एक खोड होती. काय खोड? सांगते, सांगते. घाई नको.

अंगणात होती तांबडी कोंबडी. तिची सात पिल्लं. सहा गुबगुबीत. सातवी एवढीशी. कपाळावर काळा ठिपका. म्हणून तिचं नाव टिकली.

सहाही पिल्लांनी आपला आपला दाणा शोधला होता. उकरून उकरून, स्वतःच्या पायांनी. टिकलीने नव्हता शोधला. ती उकरायची आणि माती निघायची. ती उकरायची आणि खडा निघायचा. मग भाऊ हसायचे. सगळ्यात मोठ्याने हसायचा ढब्बू.

एक दिवस काय झालं? टिकली आली सोप्यात. तुरू तुरू तुरू. तिथे फरशीला एक फट होती. टिकलीने फट उकरली.

खुडुक खुडुक.

आणि निघाला दाणा! जोंधळ्याचा दाणा. पांढरा, टपोरा, गोल. टिकलीचा पहिला दाणा!

"चिक चिक! माझा दाणा! मी शोधला!"

चोच उघडली. दाणा सुटला. आनंदात असंच होतं. दाणा पडला, टप्. दाणा घरंगळला, गड गड गड. आणि गेला कुठे? थेट मशीनखाली. हलत्या पायडलच्या मागे.

खटर खटर खटर!

टिकली धावली. पायडल खाली आलं, धप्! पायडल वर गेलं, सुंय्! वारा लागला. टिकलीची लव उडाली. टिकली मागे सरली.

ढब्बू आला. "घाल की चोच! भित्री कुठली! मी दाखवतो." ढब्बूने मान घातली. पायडल खाली आलं. ढब्बू गर्रकन वळला. मान सुटली, पण शेपूट राहिलं.

धप्!

एक पीस उडालं. ढब्बू ओरडत पळाला. गेला थेट आईच्या पंखाखाली. बरं झालं, पिसावरच भागलं.

टिकलीला आईचं बोलणं आठवलं. तांबडी रोज सांगायची, सातही पिल्लांना सांगायची, "हलतंय तोवर लांब. थांबलं की जवळ."

टिकली म्हणाली, "मी लांब राहीन. पण दाणा सोडणार नाही."

आणि सोडून चालणारच नव्हतं. कारण हौसाक्का परकराला झालर लावत होती. झालर संपली की मशीन बंद. मशीन बंद की हौसाक्का उठते आणि लगेच झाडू घेते. फर् फर् फर्! दोरे, धूळ, दाणा, सगळं सुपलीत. सगळं उकिरड्यावर. आणि उकिरड्यावर कोण? कावळा! मग कसला टिकलीचा दाणा?

टिकली रडली का? नाही. टिकली बसली का? नाही. टिकली लांब उभी राहिली आणि म्हणाली,

"पायडल पायडल, थांब ना!
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

पायडल म्हणालं, "खटर खटर! मी नाही थांबणार. माझ्यावर पाय आहे. पाय थांबला, तर मी थांबेन."

टिकली रडली का? नाही. टिकली बसली का? नाही. टिकली गेली पायाकडे. तुरू तुरू तुरू.

पाय होता हौसाक्काचा. पायात चांदीची जोडवी. पाय खाली, पाय वर. पाय खाली, पाय वर.

"पाय पाय, थांब ना!
पाय थांबला, तर पायडल थांबेल.
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

पाय म्हणाला, "खाली वर, खाली वर! मी नाही थांबणार. मी आक्काचा पाय. आक्काचंच ऐकतो. आक्का बोलली, तर मी थांबेन."

टिकली रडली का? नाही. टिकली बसली का? नाही. टिकलीने मान वर केली. उंच, उंच, अजून उंच. तिथे हौसाक्काचं तोंड होतं.

"आक्का आक्का, बोल ना!
आक्का बोलली, तर पाय थांबेल.
पाय थांबला, तर पायडल थांबेल.
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

हौसाक्का म्हणाली, "उं उं उं."

हे काय बोलणं झालं? टिकलीने नीट पाहिलं. हौसाक्काच्या ओठांत काहीतरी चमकलं. एक टाचणी! अजून एक टाचणी! अजून एक!

हीच ती खोड. झालर शिवायची म्हणजे आधी टाचण्यांनी टाचायची. मग शिवत शिवत एक एक टाचणी काढायची. काढलेली टाचणी कुठे ठेवायची? हौसाक्का ठेवायची ओठांत. मशीन न थांबवता. घाई ना! आज ओठांत तीन टाचण्या झाल्या होत्या. आणि तीन टाचण्या ओठांत धरून कोण बोलेल? तुम्ही बोलाल? नका हं, करूनसुद्धा बघू नका.

ओठांतून टाचण्याच बोलल्या, "टुच टुच! ती कशी बोलेल? आम्ही आहोत ना इथे! टाचण्या निघाल्या, तर आक्का बोलेल."

"टाचण्यांनो टाचण्यांनो, निघा ना!
टाचण्या निघाल्या, तर आक्का बोलेल.
आक्का बोलली, तर पाय थांबेल.
पाय थांबला, तर पायडल थांबेल.
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

टाचण्या म्हणाल्या, "टुच टुच! आम्ही नाही निघणार. निघून जाऊ कुठे? आमची लाल उशी हरवली. उशी आली, तर आम्ही निघू."

तेवढ्यात हौसाक्काचं नाक हललं. झालरीचा एक तंतू उडाला होता. तो बसला नाकाच्या शेंड्यावर. हुळ हुळ हुळ. हौसाक्काने नाक मुरडलं. तंतू तिथेच. आणि झालर? झालर अर्धीच उरली होती.

टिकली रडली का? नाही. टिकली बसली का? नाही. टिकली गेली उशी शोधायला. तुरू तुरू तुरू.

खुर्चीखाली बघितलं, उशी नाही. पाटाखाली बघितलं, उशी नाही. मग कोपऱ्यात बघितलं. कोपऱ्यात बाहुली होती. बाहुली झोपली होती. आणि बाहुलीच्या डोक्याखाली लाल लाल, गोल गोल काय होतं? उशी! टाचण्या सगळ्या झालरीत, म्हणून उशी रिकामी. रिकामी म्हणून कुणीतरी ती इथे आणली होती.

"उशी उशी, ये ना!
उशी आली, तर टाचण्या निघतील.
टाचण्या निघाल्या, तर आक्का बोलेल.
आक्का बोलली, तर पाय थांबेल.
पाय थांबला, तर पायडल थांबेल.
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

उशी म्हणाली, "हूं हूं! मी कशी येऊ? मला शेवूने इथे ठेवलंय. शेवूने सोडलं, तर मी येईन."

शेवू म्हणजे हौसाक्काची लेक. वय वर्षं चार. परकर तिचाच होता. उद्या गावची जत्रा होती, आणि शेवूला झालर हवी होती दोन बोटं रुंद. शेवू बाहुलीशेजारी बसून बाहुलीला थोपटत होती. थप थप थप.

टिकली शेवूपुढे जाऊन उभी राहिली.

"शेवू शेवू, सोड ना!
शेवूने सोडलं, तर उशी येईल.
उशी आली, तर टाचण्या निघतील.
टाचण्या निघाल्या, तर आक्का बोलेल.
आक्का बोलली, तर पाय थांबेल.
पाय थांबला, तर पायडल थांबेल.
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

शेवू म्हणाली, "न्हाई न्हाई न्हाई! माझी बाहुली निजलीया. उशी काढली तर उठंल की ती! मला मऊ मऊ चिंधी आण. चिंधी मिळाली, तर सोडीन."

थप थप थप.

टिकलीने मागे वळून पाहिलं. खटर खटर खटर! हौसाक्काच्या ओठांत आता चार टाचण्या होत्या. नाक हुळहुळत होतं.

टिकली रडली का? नाही. टिकली बसली का? नाही. टिकली गेली चिंध्यांच्या गाठोड्याकडे. तुरू तुरू तुरू.

शिवताना उरलेले सगळे तुकडे त्या गाठोड्यात असायचे. लाल तुकडे, निळे तुकडे, फुलांचे तुकडे, ठिपक्यांचे तुकडे. आज गाठोडं फार जड दिसत होतं.

"गाठोड्या गाठोड्या, चिंधी दे ना!
चिंधी मिळाली, तर शेवू सोडेल.
शेवूने सोडलं, तर उशी येईल.
उशी आली, तर टाचण्या निघतील.
टाचण्या निघाल्या, तर आक्का बोलेल.
आक्का बोलली, तर पाय थांबेल.
पाय थांबला, तर पायडल थांबेल.
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

गाठोडं म्हणालं, "हुश्श! हुश्श! मी कसं देऊ? वर बघ. माझ्यावर कोण बसलंय? भुरी उठली, तर चिंधी मिळेल."

टिकलीने वर बघितलं. अरे बापरे! भुरी म्हणजे मांजर!

एवढं मोठं मांजर. एवढ्या मोठ्या मिशा. भुरी पिल्लांच्या वाटेला जात नसे, ते खरं. तांबडीने एकदा तिच्या नाकावर चोच मारली होती, तेव्हापासून. पण मांजर ते मांजर. भीती वाटणारच. टिकलीला भीती वाटली.

पण टिकली पळाली का? नाही! तिने दाणा आठवला. पांढरा, टपोरा, गोल. तिने मान ताठ केली. ठिपका पुढे केला. आणि मोठ्याने म्हणाली,

"भुरी भुरी, ऊठ ना!
भुरी उठली, तर चिंधी मिळेल.
चिंधी मिळाली, तर शेवू सोडेल.
शेवूने सोडलं, तर उशी येईल.
उशी आली, तर टाचण्या निघतील.
टाचण्या निघाल्या, तर आक्का बोलेल.
आक्का बोलली, तर पाय थांबेल.
पाय थांबला, तर पायडल थांबेल.
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

भुरीने एक डोळा उघडला. दुसरा उघडायचा आळस केला.

"म्यांव. मी नाही उठणार. माझ्या पाठीवर कवडसा आहे. उबदार, उबदार. कवडसा सरकला, तर मी उठेन." भुरीने तो एक डोळासुद्धा मिटला.

खटर खटर खटर! आता ओठांत पाच टाचण्या. हौसाक्काचं तोंड आपोआप उघडायला लागलं. "आ… आ…" शिंक आली, आली, आली आणि परत गेली. हौसाक्काने ओठ घट्ट मिटले. आता खरी शिंक आली तर? टाचण्या ओठांत असताना? आपल्याला नुसतं ऐकूनच कसंतरी होतं. पण हौसाक्काचं लक्ष झालरीत. झालर आता वीतभरच उरली होती.

टिकली रडली का? नाही. टिकली बसली का? नाही. टिकली चढली पाटावर. टुण्! पाटावरून चढली पेटीवर. टुण् टुण्! आणि भुरीच्या पाठीवरच्या कवडशाला म्हणाली,

"कवडशा कवडशा, सरक ना!
कवडसा सरकला, तर भुरी उठेल.
भुरी उठली, तर चिंधी मिळेल.
चिंधी मिळाली, तर शेवू सोडेल.
शेवूने सोडलं, तर उशी येईल.
उशी आली, तर टाचण्या निघतील.
टाचण्या निघाल्या, तर आक्का बोलेल.
आक्का बोलली, तर पाय थांबेल.
पाय थांबला, तर पायडल थांबेल.
पायडल थांबलं, तर माझा दाणा मला."

कवडसा हसला. कवडसा हसतो तेव्हा नुसता चमकतो.

"टिकले, मी सरकतोच आहे. बोटबोट सरकतो. पण तू सारखी धावतेस ना, म्हणून तुला दिसत नाही. तू थांबलीस, तर मी सरकेन."

"मी?"

"तूच."

"मी थांबू? माझा दाणा जाईल ना!"

"तू धावलीस म्हणून मी सरकत नाही," कवडसा म्हणाला. "मला कुणी ढकलत नाही, मला कुणी ओढत नाही. तू थांब."

टिकलीला राग आला. खूप राग आला. पंख फडफडले. एवढी धावले, एवढं बोलले, आणि हा म्हणतो थांब! पण टिकली शहाणी. ती म्हणाली, "बरं. मी थांबते. पण सोडत नाही हं, थांबते!"

आणि टिकली थांबली. एका पायावर.

आपणही थांबू या. हात मांडीवर. पाय गप्प. कुणी हलायचं नाही.

खटर खटर खटर! झालर चार बोटं उरली. टिकली हलली नाही.

खटर खटर खटर! ओठांत सहा टाचण्या. टिकली हलली नाही.

ढब्बू दारातून ओरडला, "बसली! बसली! टिकली दमून बसली!" टिकली बसली नव्हती. टिकली थांबली होती. ती हलली नाही.

खटर खटर खटर! झालर दोन बोटं उरली. ओठांत सात टाचण्या! "आ… आ…"

आणि कवडसा सरकला. एक बोट. दोन बोटं. भुरीच्या पाठीवरून शेपटीवर. शेपटीवरून खाली जमिनीवर.

भुरीची पाठ गार झाली. भुरी उठली. लांब आळस दिला आणि कवडशामागे निघून गेली.

गाठोडं सुटलं. हुश्श! वरून एक चिंधी पडली. पिवळी, मऊ, कानटोपीच्या कापडाची. टिकलीने चिंधी चोचीत धरली. दाणा सुटला होता, तशी आता चिंधी सुटू द्यायची नव्हती. चोच घट्ट! टुण्! टुण्! तुरू तुरू तुरू! चिंधी शेवूच्या मांडीवर.

"अगं बया, केवढी मऊ!" शेवू म्हणाली. तिने चिंधीची घडी केली. बाहुलीचं डोकं उचललं, चिंधी खाली सारली, उशी वर काढली. बाहुली उठली का? नाही उठली.

शेवू उशी घेऊन आईकडे गेली. चाकाच्या बाजूने नाही गेली हं. शेवूलाही माहीत होतं, हलतंय तोवर लांब. ती समोरून गेली. हात लांब करून तिने उशी मशीनच्या फळीच्या कडेवर ठेवली.

"आई, घे तुझी उशी!"

हौसाक्काने उशी पाहिली. डोळे मोठे झाले. एक हात ओठांकडे गेला. टाचण्या निघाल्या. एक, दोन, तीन. टुच टुच टुच. चार, पाच, सहा. टुच टुच टुच. नाक हुळहुळलं. "आ…" सात! टुच!

"आ… आ… आक्क्छीं!"

केवढी ती शिंक! खिडकी हलली. दोऱ्याचं रीळ पडलं. ढब्बू दारातच उताणा झाला.

आणि शिंकता शिंकता हौसाक्काची मान खाली गेली. खाली तिला काय दिसलं? पायडलपासून थोड्या अंतरावर एक पिल्लू. कपाळावर काळा ठिपका. नजर मशीनखाली.

"अगं बाई! थांब, थांब, थांब!" हौसाक्का ओरडली. "हितं कुठं आलीस गं बाळा? पायडलखाली सापडशील की!"

म्हणाली पिल्लाला, पण ऐकलं पायाने!

पाय थांबला. हौसाक्काने चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. सुई थांबली. पायडल थांबलं.

खटर खट… खट…

सगळं घर गप्प झालं.

टिकली धावली का? नाही. तिने पायडलकडे पाहिलं. पायडल एकदा डुललं. टिकली थांबली. पायडल पुन्हा जरासं डुललं. टिकली थांबली. मग पायडल हललंच नाही. हौसाक्काने पाय उचलून बाजूला घेतला. जोडवी जमिनीवर वाजली, टिंग्.

आता.

टिकली आत गेली. तुरू तुरू तुरू. मागच्या कडेला, धुळीत, पांढरा, टपोरा, गोल दाणा होता. टिकलीने चोच उघडली.

टुक्!

दाणा चोचीत. चोच घट्ट. टिकली बाहेर.

हौसाक्काने उशीकडे पाहिलं. बोटाने टाचण्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग तिला आपली शिंक आठवली. तिने ओठांना हात लावला. आणि शेवूला जवळ ओढून घेतलं. घट्ट.

"आई, दुखतंय की गं," शेवू म्हणाली.

"दुखू दे," हौसाक्का म्हणाली. "जरा वेळ दुखू दे."

मग तिने एक नाडी घेतली. लाल उशीला नाडी शिवली आणि नाडी बांधली आपल्या मनगटाला. आता उशी कुठे जाणार? हात जाईल तिथे उशी. टाचणी कापडातून निघाली की थेट उशीत. ओठ बोलायला मोकळे आणि शिंकायलाही मोकळे.

उरलेली दोन बोटं झालर हौसाक्काने मग शिवली. आधी खाली वाकून बघितलं. "आहे का गं कुणी खाली?" कुणी नव्हतं. मगच पाय ठेवला. दुसऱ्या दिवशी शेवू जत्रेला गेली, झालरीचा परकर घालून. पण ते उद्याचं. आपल्याला अजून अंगणात जायचंय.

हौसाक्काने अंगणात मूठभर जोंधळा टाकला. सहा पिल्लं तुटून पडली. ढब्बू सगळ्यांच्या पुढे, शेपटीला एक पीस कमी. टिकली त्या जोंधळ्याकडे गेलीच नाही. ती भिंतीशी उभी राहिली. तिने आपला दाणा खाली ठेवला. एकदा पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. मग खाल्ला.

कुटुक्.

तांबडी जवळ आली. तिने टिकलीचे पंख तपासले. शेपूट तपासलं. एक पीससुद्धा कमी नव्हतं.

"टिकले," तांबडी म्हणाली, "मशीन चालू होतं, पायडल हलत होतं, आणि दाणा त्याच्या मागे होता. मग तू तो आणलास तरी कसा?"

टिकलीने चोच पुसली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. आणि म्हणाली,

"थांबून!"

दाणा पोटात, टाचणी उशीत, पाय जमिनीवर. आता हला हवं तेवढं!